चिंचेने घासलेला टोप

माझी सून हिंजवडीला ज्या कंपनीत आहे, तिथली एक मुलगी आपल्याकडे यायचं म्हणतेय, असं तिने एका शनिवारी सकाळी सांगितलं. ही मुलगी सुट्टी मिळाली की समुद्रात बुड्या मारायला जाते. त्यासाठी पैसे भरते म्हणे. मला गंमत वाटली, कारण आमच्या ह्यांना बुडी मारायचा पगार मिळायचा आणि तरी घरातून निघताना तोंड पडलेलं असायचं.

तिचा आणि तिच्यासारख्या पाचपंचवीस जणांचा एक गट आहे. आपल्याकडच्या जुन्या पाणबुड्यांची अवजारं, कागद, आठवणी भंगारात जायच्या आत गोळा करायच्या, त्यांची नीट नोंद करायची आणि प्रदर्शन मांडायचं, असा त्यांचा उद्योग. आमच्याकडे तिच्या सासऱ्यांचा, म्हणजे आमच्या ह्यांचा, पाण्यात उतरायचा टोप आहे, हे सुनेने कधीतरी डबा खाताना सांगितलं असणार.

टोप म्हणजे तांब्याचा, डोक्यावर चढवायचा. समोर आणि दोन्ही बाजूंना जाड काचेच्या खिडक्या, खाली खांद्यांवर बसणारी तांब्याचीच गळपट्टी. टोप गळपट्टीवर ठेवून थोडा फिरवला की घट्ट बसतो. आमच्या धायरीच्या फ्लॅटमध्ये तो टीव्हीशेजारी असतो. नवीन माणूस आधी टोपाकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि विचारावं की नाही अशा विचारात चहा संपवतो. एका पाहुण्यांनी तर त्यावर ओला रुमाल वाळत घातला होता.

हे धरणाच्या कामावर होते. दरवाजा गळायला लागला, खाली काही अडकलं, की हे उतरायचे. अंगभर रबरी कापडाचा पोशाख, पायांत शिशाचे बूट, डोक्यावर टोप. वर तराफ्यावर दोघं जण पंपाचं चाक फिरवून नळीतून हवा सोडायचे आणि तिसरा दोरी धरून बसायचा. खाली दिसत काहीच नाही, सगळं काम हातांनी चाचपून. मला एवढंच माहीत होतं, आणि तेही त्यांच्या सोबत्यांकडून. ह्यांना विचारलं तर म्हणायचे, काय नसतंय, निस्ता गाळ हाय. धायरी खेडं होतं तेव्हाचे हे, विहिरीत पोहून मोठे झालेले. मी शनिवार पेठेतली. बोलायचं सगळं काम माझ्याकडे आणि ऐकायचं त्यांच्याकडे, म्हणून संसार चांगला झाला.

खात्याने ती जुनी सामग्री मोडीत काढली तेव्हा ह्यांनी रीतसर अर्ज करून टोप आणि गळपट्टी मागून घेतली. पोशाख केव्हाच कुजून गेला होता. हे जाऊन आता चार वर्षं झाली.

तर मुलगी रविवारी येणार म्हणून मी शनिवारी दुपारीच टोप घेऊन बसले. चिंच, मीठ आणि नारळाची शेंडी. माहेरी पाणी तापवायचा तांब्याचा बंब घासायचं काम माझ्याकडे होतं, आणि तांब्यात तोंड दिसलं पाहिजे असा आईचा दंडक होता. ह्यांच्या टोपावर तर माझा जीव. दसऱ्याला घरातली हत्यारं पूजेला मांडायची, त्यांत ह्यांचे पाने, हातोडी आणि मधोमध टोप. नोकरीत असतानाही दसऱ्यापुरता तो खात्याच्या गाडीतून घरी यायचा. मी घासून लख्ख करायची, मग हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. तो कायमचा घरी आल्यापासून तर दर पंधरवड्याला घासत होते. ह्यांच्यानंतरही एक पंधरवडा चुकवला नाही.

मुलगी गोड होती. टोपासमोर येऊन एकदम थबकली. मला वाटलं, झळाळी बघून. तिने हळूच विचारलं, "काकू, हा तुम्ही पॉलिश केलाय?" मी म्हटलं, पॉलिश कसलं, घरची चिंच आहे. ती कसनुसं हसली. मग तिने फोटो काढले, टेपने मापं घेतली, टोप चहूबाजूंनी निरखला, आणि आमचे एक सर पुढच्या रविवारी येऊन बघतील, म्हणाली. शंकरपाळे मात्र आवडीने खाल्ले.

सर साठीच्या पुढचे, गृहस्थ माणूस. आयुष्य बंदरात काढलेलं आणि निवृत्त झाल्यावर या जुन्या वस्तूंचा नाद लागलेला. भिंग आणलं होतं, टॉर्च आणली होती. पांढरे हातमोजे घालून त्यांनी टोपाला हात लावला तेव्हा मी माझे हात पदराखाली घेतले.

बाहेरून बराच वेळ बघून त्यांनी मला समजावून सांगितलं. खऱ्या टोपावर बनवणाऱ्याचा शिक्का असतो. शिवाय टोपावर आणि गळपट्टीवर एकच नंबर ठोकलेला असतो, त्यावरून जोडी पटते. इथे शिक्का नाही आणि नंबरही नाही. मी म्हटलं, नंबर होता की. दोन्हीकडे होता, तीन आकडी, पहिला साताचा. हलकाच ठोकलेला होता, आणि दरवर्षी जरा जरा फिका होत गेला. मुलगी खाली बघायला लागली, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. तो नंबर मीच घासून घालवला होता.

दुसरं काही आहे का, त्यांनी विचारलं. मी पत्र्याची पेटी काढली. ह्यांच्या सेवापुस्तकात हुद्दा लिहिलाय फिटर. पाणबुड्या असं पदच मंजूर नव्हतं, त्यामुळे कागदोपत्री हे आयुष्यभर कोरडेच राहिले. फोटो एकच निघाला, तोही टोप चढवलेला. आत कोण आहे ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पंपावरचे दोघं गेले, दोरीवाला त्यांच्याही आधी गेला.

सरांनी भिंग मिटलं. "वहिनी, राग मानू नका. शोभेसाठी असे टोप आजही पुष्कळ बनतात, अगदी हुबेहूब. साहेबांनी हौसेने एखादा घेतलाही असेल."

आमच्या ह्यांनी आयुष्यात हौसेने रुमालसुद्धा घेतला नाही. मी सरांना म्हटलं, घरात शोभेला मी आहे तेवढी पुरे, असं ते म्हणायचे. मुलगी हसली, सर हसले नाहीत. मी चहा टाकते म्हणून आत गेले.

ओट्याशी उभी राहिले आणि रडूच आलं. सरांचा राग नव्हता, ते त्यांच्या जागी बरोबर होते. पण एक माणूस इतकी वर्षं काळोख्या पाण्यात उतरला, त्याबद्दल चार शब्द कधी बोलला नाही, कागदावर कुठे लागला नाही. त्याच्या बाजूने साक्ष देणारी एक वस्तू उरली होती आणि तिची ओळख मी माझ्या हातांनी पुसली. वर दर वेळी लख्ख झाला म्हणून स्वतःवर खूशही झाले. आता ह्यांना कुणी खोटं म्हटलं नसतं, पण खरंही म्हणणार नव्हतं. चहा उतू गेला तेव्हा भानावर आले.

चहा घेताना सर माझी समजूत काढावी तसं बोलत होते. नंबर नसला तरी आतून काही कळतं का बघू, म्हणाले. शोभेच्या टोपाला बाहेरून सगळं असतं, आतून काही नसतं. खऱ्या टोपात हवा बाहेर सोडायची झडप असते. पोशाखात हवा जास्त झाली तर माणूस फुगून वर फेकला जातो, जिवावर बेततं. पण हात तर कामात गुंतलेले. म्हणून झडपेचं बटण टोपाच्या आत असतं आणि पाणबुड्या ते डोक्याने ढकलतो. दर थोड्या वेळाने, काम चालू असेपर्यंत.

मी कप खाली ठेवला. डोक्याच्या कुठल्या बाजूने, असं विचारलं.

उजव्या, सर म्हणाले. कानाच्या मागे, जरा वर.

आमच्या ह्यांच्या डोक्याला रविवारी तेल लावून द्यायचं हा माझा लग्नापासूनचा नेम. लग्न झालं तेव्हा ते तीनचार वर्षं नोकरीत मुरलेले होते. पहिल्याच रविवारी माझ्या बोटांना उजव्या कानाच्या मागे, जरा वर, रुपयाएवढी जागा लागली. केस नाहीत, कातडी जाड आणि टणक. हे काय, विचारलं तर म्हणाले, जन्मखूण हाय. मी विश्वास ठेवला. तिथे केस यावेत म्हणून त्या जागी तेल जरा जास्तच जिरवायची, चांगली दहा मिनिटं. ते डोळे मिटून बसायचे. निवृत्तीनंतर ती जागा थोडी मऊ झाली, ते माझ्या तेलाचं यश असंही मी त्यांना ऐकवलं होतं. त्यावर ते व्हय म्हणाले होते.

टोपाच्या आत मी कधीच हात घातला नव्हता. तेवढी एकच गोष्ट ह्यांनी मला बजावली होती, बाहेरून हवं तेवढं घास, आत हात घालायचा नाही. ते गेल्यावरही मी ते पाळलं. आता मी सरांना म्हटलं, जरा आडवा धरा. त्यांनी हातमोजे पुढे केले. मी नको म्हटलं आणि उजवा हात आत घातला.

आत तांबं गार होतं आणि मी घासलेलं नव्हतं म्हणून खरखरीत लागत होतं. खिडकीची कड लागली, ती ओलांडून बोटं मागे नेली. मग बटण लागलं. रुपयाएवढं, एका बाजूने झिजून उतरतं झालेलं, आणि तेवढंच काय ते गुळगुळीत. माझ्या बोटांना ते माप पाठ होतं. नुसतं माप नाही, तो उतारही. ती जागाही अशीच एका बाजूला जास्त टणक होती.

"हे इथे लागायचं त्यांना," मी म्हटलं, आणि डाव्या हाताने त्या मुलीच्या कानामागे बोट ठेवून दाखवलं. "इथे. मी दर रविवारी बघत होते."

मग मी त्यांना तेलाचं सगळं सांगितलं. सरांनी टॉर्च लावून आत वाकून बघितलं. खूप वेळ बघत होते. वर आले तेव्हा चष्मा पुसत म्हणाले, एका बाजूने इतकं झिजायला माणसाला वर्षानुवर्षं डोकं द्यावं लागतं, हे कुठल्या कारखान्यात करून मिळत नाही. आणि माझी माफी मागितली. मी म्हटलं, माफी कसली मागता, नंबर तुम्ही थोडाच घासला.

मुलीने लॅपटॉप उघडला. हुद्दा या रकान्यात तिने पाणबुड्या असं लिहिलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. मी ते दोनदा वाचलं. नंबरच्या रकान्यात काय लिहू, विचारायला लागली. मी म्हटलं, खरं ते लिही, बायकोने चिंचेने घासून घालवला. तिने तसंच लिहिलं. सरांना डोक्यावरच्या खुणेचीही नोंद हवी होती. असं होतं हे त्यांनी बंदरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलं होतं, पण कुणी माप घेऊन ठेवलेलं नव्हतं. घेणार तरी कोण, म्हणा. मी कागदावर रुपया ठेवून पेन्सिलीने गोल काढला, थोडा लांबट केला आणि कुठली बाजू टणक होती तिथे रेघा मारून दिल्या. चार वर्षांनंतरही हात अडला नाही.

टोप प्रदर्शनाला द्यायचं मी तेव्हाच कबूल केलं. पंधरा दिवसांनी सर आणि ती मुलगी लाकडी खोकं घेऊन आले. सरांनी मला सूचना दिल्या, जपून, पण ठणकावून. परत आला तरी यापुढे टोपाला काही लावायचं नाही. चिंच नाही, पाणी नाही, साधं फडकंसुद्धा नाही. मी सगळ्याला बरं म्हटलं.

मग मी आतून खोबरेल तेलाची बाटली घेऊन आले. सरांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. मुलीने टोप आडवा धरला. मी बोटावर तेल घेतलं, हात आत घातला आणि त्या बटणावर हळूहळू जिरवत बसले, रविवारी बसायची तशी. ह्यांचा राग आला होता, खोटं का सांगायचं. इतकी वर्षं डोकं माझ्या हातात देऊन बसायचे आणि जन्मखूण म्हणे.

"दुखत होतं तर सांगायचं ना हो," मी म्हटलं.