मायचा बाजार

अमरावतीच्या कापूसबाजारात मी माझ्या मायला गप्प बसवलं आणि व्यवहार स्वतः बोललो.

अमेरिकेत लढाई जुंपली होती, विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडचा कापूस मागत होत्या, ते हे दिवस. वडील वारल्यापासून गाडी मायच नेई. दलालानं मालात हात घातला रे घातला की ती गाडीत उभी राहायची. "बुडापर्यंत हात काहाले खुपसून राहिला गा? तिथं काय तुही बायको लपली?" अर्धा बाजार खिदळायचा, आणि दलालही हसत हसत भाव वाढवायचा.

मी तेव्हा शाळेत जात होतो. आमचे पंतोजी पुण्याकडचे. एकदा ते म्हणाले, "तुझी आई बोलते की भांडते रे?" वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. त्या हंगामात गाडी जुंपतानाच मी बजावलं, "आई, आज तू बोलू नकोस. शाळेतली मुलं ऐकतात. मी बोलेन."

ती बघतच राहिली. "आई काय रे? माय म्हन," एवढंच म्हणाली आणि बाजारात पोचल्यावर पदर ओढून बसली.

दलाल मोठा गोड. "वा! काय शुद्ध बोलते लेकरू! कापूस कसा वेचला, सांग पाहू." मी छाती काढून, पंतोजींच्या थाटात, सारं सांगितलं: पहाटे उठून, दव असतानाच कसा वेचला ते. दवातला कापूस वजनाला भरतो, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक. सगळेच तसा वेचत, पण तोंडानं कबूल करणारा मूर्ख तोवर जन्मला नव्हता. दलाल चार गाड्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "ओला माल!"

मी मायकडे पाहिलं. ती एकदा कडाडली असती तर निभावलं असतं. पदर हलला नाही. कापूस पडेल भावात गेला.

येताना तिनं बैलांनासुद्धा हाक दिली नाही. पुढच्या हंगामापासून गाडी मामा नेऊ लागला. माय घरातही लागेल तेवढंच बोलायची. माझ्यासमोर तर सासऱ्यापुढे बोलावं तसं, जपून.

मी मात्र अकोल्याच्या कचेरीत लोकांची गाऱ्हाणी मांडून पोट भरू लागलो.

माय गेली तेव्हा, बाजारात त्या दिवशी आमच्या गाडीशेजारी भाजीची पाटी घेऊन बसलेली माळीण भेटायला आली. मी घसा साफ करून सुरुवात केली, "माझी आई म्हणजे..."

"चूप बस," म्हातारी म्हणाली. "तुह्या तोंडून तिचं नावबी बरं नाही वाटत."