साडूभाऊंच्या गणितातला आलूबोंडा

आमच्या साडूभाऊंनी रस्त्यांचा जितका विचार केला, तितका रस्ते बांधणाऱ्यांनीही कधी केला नसेल. चंद्रपूरच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात ते वाहतुकीची वाटणी शिकवायचे. म्हणजे गावोगावहून निघालेल्या गाड्या कोणत्या रस्त्यावर किती जातील, याचं गणित. कॉलेज सुटलं तरी गणित सुटायचं नाही. पाहुणा आला की पाण्याच्या आधी प्रश्न: "कुठून निघाले? कोणत्या रस्त्यानं आले? अन् तोच काऊन?" धाकट्या मेव्हणीच्या लग्नात वाढपी एकमेकांना धडकतात म्हणून यांनी वरण डावीकडून आणि भात उजवीकडून सोडला. अर्धी पंगत कोरडा भात गिळत बसली आणि उरलेली नुसतं वरण पीत!

चामोर्शीजवळच्या आमच्या गावात मात्र मामला हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. खाणीचे ट्रक थेट शाळेसमोरून जात. माझी सहा वर्षांची मुलगी रोज तो रस्ता ओलांडायची आणि ती घरी येईपर्यंत माझा जीव टांगणीला. अखेर गावाबाहेरून नवा रस्ता झाला. साडूभाऊ छाती ठोकून म्हणाले, "माणूस कमी वेळाचाच रस्ता धरते. तिकडून दहा मिनिटं वाचते. उद्या इथी एक ट्रक दिसला तं मले सांगजो!"

दुसऱ्या दिवशी झाडून सगळे ट्रक शाळेसमोरूनच! साडूभाऊंचा चेहरा असा पडला की मला त्यांची दयाच आली. आठवडाभर ते रजा काढून, वही घेऊन शाळेच्या फाटकाशी उभे. शेवटी एका ड्रायव्हरला त्यांनी विचारलंच.

"सर, रस्ता तिकडचाच चांगला आहे जी," तो म्हणाला, "पण बाईचा आलूबोंडा इथी आहे ना!"

शाळेपलीकडे सिरोंचाकडच्या एका बाईंची टपरी होती. साडूभाऊंनी कपाळावर हात मारला. "घ्या! मिनिटं मोजली, भूक मोजलीच नाई!" आणि तडक बाईंकडे. "बाई, टपरी नव्या रस्त्यावर न्या."

"अन् गिऱ्हाईक नाई आलं तं?" बाईंनी झारा रोखला.

"तं मी येईन. रोज."

दोन दिवसांत टपरी हलली. साडूभाऊ स्वतः डोक्यावर बाकडं घेऊन मागे. आणि त्यांच्या मागे, एकेक करत, ट्रक!

आता ते थकलेत, आमच्याकडे येणंही कमी झालंय. पण टपरी हलल्यानंतरची ती दुपार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. शाळा सुटली. मुलगी रस्त्याच्या मधोमध थांबली आणि खाली बसून चपलेतला खडा काढू लागली. सवयीनं मी ओरडणार, तेवढ्यात साडूभाऊंनी माझा हात धरला.

"काढू दे तिले," ते म्हणाले, "कोणी येऊन नाई राह्यलं."