शिवाचा कान

शिवा गेल्याचं त्याच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी एका कॉलेजात ‘संगीत कसं ऐकावं’ यावर भाषण द्यायला निघालो होतो. भाषण दिलं, टाळ्या घेतल्या आणि मग मिरजेला गेलो... माझ्यासारखा माणूस हेच करणार.

शिवा माझा शाळेतला मित्र. मिरजेत तंबोरे बनवणाऱ्यांकडे, तंबोऱ्यांचे भोपळे तासायच्या कामाला होता. नव्वदच्या दशकात आमच्या सांगलीच्या घरी केबल आली आणि परदेशी गाण्यांचा चॅनेल बघून मी जाणकार झालो. गायकांची नावं, केस आणि जाकिटं, एवढंच माझं ज्ञान. रविवारी शिवा सायकलवरून यायचा आणि टीव्हीकडे पाठ करून बसायचा. “अरे, बघ तरी!” “बघून काय करू लेका? ऐकू येतंय की.” एकदा एक गिटार ऐकून तो म्हणाला, “ह्या गड्यानं सगळ्या तारा एक सूर खाली उतरवल्यात. म्हणून आवाज लय जड येतोय.” चार मित्रांसमोर मी खदाखदा हसलो. “भोपळे तासणाऱ्यानं गिटारीबद्दल बोलू नये.” तोही हसला. “बरं, न्हाई बोलत.” पुढच्या रविवारी तो आला नाही. नंतरही नाही.

दोन-तीन वर्षांनी सांगलीत सायबर कॅफे निघाला. तासभर खटपट करून मी त्या गाण्याची माहिती शोधली. तारा खरंच उतरवलेल्या होत्या. फक्त तिथं ‘अर्धा सूर’ लिहिलं होतं. अर्थात मी शिवापेक्षा इंटरनेटवर विश्वास ठेवला. त्याच दिवशी मिरज गाठून त्याची माफी मागायला हवी होती. त्याऐवजी कॉलेजच्या वार्षिक अंकात लेख लिहिला... हे माझ्याच कानांनी टिपलंय, अशा थाटात. त्या लेखावर पुढं मला सदर मिळालं. लोक माझ्या बारीक कानाचं कौतुक करत राहिले आणि मी निर्लज्जपणे ते घेत राहिलो.

सुमनवहिनींनी मला त्याच्या कामाच्या खोलीत नेलं. कपाटाच्या दाराला आतून माझा तो पहिला लेख चिकटवलेला होता. “आल्या-गेल्याला दावायचे,” त्या म्हणाल्या, “माझ्या दोस्तानं लिवलंय म्हणून.” लेखातला ‘अर्धा’ हा शब्द पेन्सिलीनं खोडून शिवानं वर लिहिलं होतं, ‘एक’. बाकी कशालाच हात लावला नव्हता.

त्याला महिना झाला. ते गाणं मी रोज लावतो, टीव्ही-बिव्ही सगळं बंद करून, डोळे मिटून. अर्धा की एक, मला अजून कळत नाही.