आरणीचा आळ

बटाटा दोन तऱ्हांनी कुजतो. एक ओला. त्याला हात लावला की पाणी सुटतं, आणि त्या वासानंतर जेवण जात नाही. दुसरा कोरडा. साल सुरकुतते, वर पांढरी-गुलाबी बुरशी धरते, चिरला तर आत पोकळ आणि भुसभुशीत. हे मला कुठल्या शाळेत शिकवलं नाही. सासरी कुजक्या बटाट्यांचा आळ माझ्यावर आला, म्हणून शिकले.

नव्वदनंतरची गोष्ट. लग्न होऊन कळंबला आले तेव्हा मला बटाट्यातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं. माहेर बेल्ह्याकडं, तिथं आमचा कांदा. इकडं काढणी झाली की बटाट्याची आरण लावायची. म्हणजे आंब्याच्या सावलीत बटाट्यांचा लांबट ढीग, वर कडुलिंबाचा पाला, त्यावर उसाचं पाचट. भाव चढेपर्यंत दोन-तीन महिने तो तसाच राहायचा. आणि पाळीतल्या बाईनं आरणीला शिवायचं नाही. शिवली की आरण कुजते, असं सगळेच मानायचे.

त्या वर्षी नेमकी आरण लावायच्या दिवशीच मला पाळी आली. आभाळ भरून आलेलं, माणसं कमी, सगळ्यांची घाई. मी गप्प बसले आणि बटाट्याच्या पाट्या ढिगावर ओतत राहिले.

महिन्याभरानं पाचट काढलं तर घाण वास. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. त्यांनी ढिगाकडं नाही, माझ्याकडं पाहिलं.

"खरं सांग, शिवली व्हतीस का न्हाई?"

खोटं बोलायचं तर पहिल्या दिवशीच बोलायला हवं होतं. मी "हो" म्हटलं आणि संपलं. "हिला पुन्हा आरणीकडं फिरकू द्यायची न्हाई," आत्यांनी जाहीर केलं. शेजारणी तर आपल्या ढिगाजवळून मी गेले तरी पदर सावरायच्या. रडले नाही असं म्हणणार नाही, चांगली दोन दिवस रडले. मग राग आला. आणि राग आला की मला स्वस्थ बसवत नाही.

फेकायला काढलेला तो सगळा कुजका माल मी विळी घेऊन चिरत बसले. नाकाला पदर बांधून, एकेक. आमचा बहुतेक माल पांढरा, ज्योती जातीचा. त्याच ढिगाच्या एका टोकाला घरी खायला थोडा लाल सालीचा ठेवलेला. तो लाल जवळजवळ धडधाकट! अहो, दोन्ही मीच ओतले होते. माझा विटाळ काय रंग बघून लागतो?

मग तर मला नादच लागला. कोरड्या कुजक्यांत बघावं तर बुरशी सुरू झालेली असायची ती नांगराच्या फाळाच्या जखमेपासून. ओले कुजके मात्र ढिगाच्या मधोमध, जिथं आत्या उन्हाच्या दिवसांत गारव्यासाठी घागर ओतायच्या, तिथंच. पांढऱ्याची साल आधीच पातळ, त्यात पावसाच्या भीतीनं आम्ही तो न सुकवताच झाकलेला. यांना दाखवलं तर म्हणाले, "आता काय बटाट्याची डाक्टर होतीस का?"

पुढच्या वर्षी मी आत्यांना म्हटलं, "एक बारकी आरण मला वेगळी द्या. कुजली तर पुन्हा शेतात पाऊल टाकणार नाही."

पांढराच बटाटा मागून घेतला. अंगठ्यानं घासून साल निघेनाशी होईपर्यंत सावलीत पसरून ठेवला. जखमी तेवढा निवडून घरी आणला. रोज बटाटा खाऊन यांना वीट आला, पण कोण ऐकतं! आणि पाळी आली त्याच दिवशी, आत्यांना तोंडावर सांगून, आरण लावली.

"अगं बया!" म्हणून त्यांनी तोंडावर हात ठेवला. पण अडवलं नाही. वरून पाण्याचा थेंब पडू दिला नाही मी, गारव्याला शिंपलं ते भोवतीच्या जमिनीवर.

उघडायच्या दिवशी पाचट आत्यांनीच ओढलं. वास आला तो नुसत्या मातीचा. चार-दोन सुरकुतलेले निघाले, पण ढीग कोरडा आणि टणक. आत्यांनी मधोमध हात घातला, एक बटाटा काढून नखानं टोकरला, हुंगला. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

त्या तिथंच मातीत बसल्या.

"माझी पयली आरण बी कुजली व्हती," त्या म्हणाल्या. "मला तवा पाळी नव्हतीच गं. तरी सासूनं माझंच नाव घेतलं. समदी म्हणत्यात तर शिवले असंन, असं मलाच वाटाया लागलं. मग दर महिन्याला पाळीचे दिस मी शेताच्या बांधावर एकटी बसायची, ती कशापायी?"

मला उत्तर माहीत होतं. मी त्यांच्या शेजारी मातीत बसले.