विलायतेतल्या मित्राचे हात

माझा थोरला भाऊ शिष्यवृत्तीवर इंजिनिअर व्हायला विलायतेला गेला आणि गोंडपिपरीजवळच्या आमच्या गावात वडिलांना नवं काम मिळालं, त्याची पत्रं वाचण्याचं. संध्याकाळी अंगणात खाट टाकून ते निळा कागद उघडत. 'घरमालकीण गोरी बाई आहे. सकाळचा चहा खोलीत येतो. नळाला गरम पाणी येतं. मला कशालाच हात लावावा लागत नाही.' पत्रात नळ एकच होता. तिसऱ्या वाचनापर्यंत त्याचे तीन झाले. तरी अंगणात जमलेले लोक वडिलांना म्हणायचे, "भाऊ, नळाचं पुन्हा वाचा."

मी तेव्हा सातवीत होते. मीही विलायतेलाच जाणार, मग आत्तापासून भांडी कशाला घासू, असं मी आईला सुनावलं. तिनं राखेची वाटी माझ्यापुढे सरकवली.

पावसाळ्यात आलेल्या पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'माझ्या एका मित्राच्या बोटांची कातडी सोलून निघते, आग होते. आईला औषध विचारा.' मित्राच्या बोटांत गावाला काय रस? वडिलांनी ते मोठ्यानं वाचलंच नाही. दुसऱ्या दिवशी आई शेतातल्या पाण्यात धानाची रोवणी करून आली, तेव्हा मी तिला वाचून दाखवलं.

तिनं स्वतःचे हात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सुटली होती.

"दिवसभर पान्यात राह्यले का असे होतात," ती म्हणाली. "तुहा भाऊ कोनाचे तरी भांडे घासून राह्यला."

"पण त्याला तर कशालाच हात लावावा लागत नाही!"

"म्हनूनच मित्र पुढं केला. बाबाले सांगू नको. त्यायचा नळ गावभर पोचला."

मला भावाचा भयंकर राग आला आणि लगेच रडूही आलं. आईनं मोहाच्या बियांच्या तेलाची बाटली बांधली आणि मला लिहायला बसवलं. "लिव. दोस्ताले म्हना, झोपताना हाताले लाव. अन् म्हना, त्याची माय रागावली नाई."

दिवाळीच्या सुमारास उत्तर आलं. अंगण भरलं होतं. वडील वाचू लागले, 'मित्राचे हात बरे आहेत. त्याला आईची फार आठवण येते.' तिथे ते थांबले. आईकडे पाहिलं, चष्मा काढून धोतरानं पुसला. लोक वाट पाहत होते.

"अन् नळाले," वडील म्हणाले, "अजून गरम पानी येते म्हन्ते."