बेटावर पाठराखीण

माझ्या हनिमूनला माझी आतेसासू येणार होती. परत लिहिते, कारण लिहितानाही डोकं तापून राह्यलंय. माझ्या. हनिमूनला. आतेसासू. वरून सासूबाई. दोन खोल्या, चार तिकिटं.

थांबा, सुरुवातीपासून सांगते. लग्नाला महिना पण झाला नव्हता. माहेर पिंपळगाव रेणुकाईकडचं, सासर अंबडला, नवरा जालन्याला बियाण्याच्या कंपनीत, सकाळच्या बसनं जातो अन् दिवेलागणीला येतो. घर माणसांनी भरलेलं. आमच्या खोलीत सगळ्या घराचं लोखंडी कपाट, म्हणून दिवसा दार लावायचं न्हाई. दार लावलं तरी भिंतीपलीकडं सासरे खोकतात ते आमच्या उशाशी बसून खोकल्यासारखं. मंग आम्ही दोघं कुजबुजतो. सारखं कुजबुजतो! लग्नाआधी भेटलो तिथं पण मामा-मावश्यांची रांग. मला या माणसाचा खरा आवाजच माहीत न्हाई हो! मोठ्यानं हसतो कसा, चिडला तर ओरडतो का फुगून बसतो, काही म्हणजे काही न्हाई. मला चार दिवस पाहिजे होते जिथं गळा सोडून बोलता येईल. बास, एवढंच.

मी मोबाईलवर दोन जागा काढल्या. एक अंदमानातल्या छोट्याशा बेटावर. बोटीनं जायचं, झाडीत लांब लांब लाकडी झोपड्या, टीव्ही न्हाई, बाजार न्हाई, रेंज आली तर आली. दुसरी तिकडंच पण शहराला लागून, खाली शुद्ध शाकाहारी हॉटेल, बाजार पायी, दवाखाना समोर. नवरा बेटाचा फोटो बोटानं मोठा करकरून बघत होता. कानात म्हणाला, "भारी आहे." मी इतकी खुश! अन् लगेच पुढं म्हणाला, "घरात विचारू."

विचारू!

चहाच्या टायमाला समोरच्या खोलीत मोबाईल हातोहात फिरला. सासरे म्हणाले, "चारी बाजूनं पाणी अन् फोन लागत न्हाई? माणूस हाय का गेलं, कसं कळावं?" थोरले दीर म्हणाले, "तिथं निस्ते मासे असतील. आपल्याला वरण-भात कोण देणार?" आपल्याला! हे कुठं येऊन राह्यले होते? सासूबाईंनी दोन्ही फोटो बघितले अन् त्यांचा ठरलेला शब्द काढला, "ह्या दुसऱ्या ठिकाणी सोय हाय."

सोय या शब्दाचा मला इतका राग येतो न्हाई! पोरीला स्थळ बघा, सोय बघा. शाळा कोणती, सोयीची. अरे, मला गैरसोय पाहिजे होती! जिथं सोय असते तिथं सगळे येतात, म्हणून तर बेट शोधलं ना.

आतेसासू कोपऱ्यात अडकित्त्यानं सुपारी कातरत बसल्या होत्या. सासऱ्यांची थोरली बहीण, घरात त्यांचा शब्द शेवटचा. म्हणाल्या, "पहिलाच मोठा परवास पोरीचा. पाठराखीण कोण?"

आमच्याकडं नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की माहेरची एक बाई संग देतात, तिला पाठराखीण म्हणतात. माझ्यासंग माझी मावशी आल्ती. पण ते सासरी यायला! समुद्रावर जायला न्हाई!

मी म्हणले, "आत्याबाई, मी नवऱ्यासंग चालले, एकटी कशी?"

"नवरा का बाईमाणूस हाय? काही दुखलं-खुपलं तं त्याला सांगशील?"

"सांगीन की."

"घ्या! आत्तापासूनच सगळं नवऱ्याला!"

सगळी खोली खो-खो हसली. मी नवऱ्याकडं बघितलं. आता बोलंल, आता बोलंल. तो कपाकडं बघून म्हणाला, "बघू."

त्या "बघू"चं पुढं काय झालं? आठवड्याभरात दिरांनी येऊन सांगितलं, शहराजवळची जागा बिलकुल पक्की झाली, सासूबाई अन् आत्याबाईपण येऊन राह्यल्या, म्हाताऱ्या माणसांचा समुद्र बघून होईल. आत्याबाईंनी तर पाण्यात उतरायला जल्दी सुकणारी नायलॉनची साडीपण घेतली होती.

नवरा कामावरून आला. मी खोलीत गेले, दार लावलं, कपाटाचं काय व्हायचं ते होवो. म्हणले, "तुम्ही तिघं जा. मी न्हाई येत."

"अगं हळू बोल."

"न्हाई बोलणार हळू! लग्न झाल्यापासून हळूच बोलून राह्यले!"

"चार दिवसांचं तर आहे. एवढं काय?"

"चारच दिवस मागितले होते मी! तेपण वाटून टाकले तुम्ही!"

अन् तो ओरडला. पहिल्यांदा. "मला पण बेटावरच जायचं होतं!"

भिंतीपलीकडचा खोकला थांबला. असा आहे होय आवाज, मला वाटलं, जाड, जरा चिरका. क्षणभर बरंसुद्धा वाटलं. मंग दुप्पट भडकले. कारण ओरडला कोणावर? माझ्यावर! मी तर त्याच्याच बाजूची! मी दार उघडलं अन् म्हणले, "हेच वाक्य. अश्शाच आवाजात. तिकडं जाऊन म्हणा."

तो दारात उभा राह्यला, मंग गेला. मी मागं. समोरच्या खोलीत खाली बघूनच, पण मोठ्यानं म्हणाला, "आई, आम्ही दोघंच जाणार. बेटावर."

मला वाटलं आता भूकंप. सासूबाई भाजी निवडून राह्यल्या होत्या. मान पण वर केली न्हाई. "मंग जा की. मी कधी न्हाई म्हणले? मला काय हौस हाय का खाऱ्या पाण्यात बसायची? तूच बघू-बघू करत बसलास. मला वाटलं तुलाच नवं माणूस घेऊन एकटं जायला भ्या वाटतंय."

एवढंच होतं! कोणी अडवलंच नव्हतं! आत्याबाई तेवढ्या तोंड फिरवून बसल्या, "साडीचा खर्चा वाया," म्हणाल्या, अन् अजून माझ्याशी नीट बोलत न्हाईत. पण ज्या माणसाच्या एका वाक्यानं काम होणार होतं, त्यानं ते वाक्य खिशात ठेवून सगळ्यांना माझ्यावर हसू दिलं. सासूबाईंवरचा राग तिथंच उतरला. त्याच्यावरचा न्हाई उतरला.

पहिली तिकिटं रद्द केली. आता पावसाळा, बोटीचा भरवसा न्हाई, म्हणून बेटाचं बुकिंग दिवाळीनंतरचं आहे. ते मी स्वतः केलं, कोणाला न विचारता, दोन माणसांचं. तो रोज विचारतो, "अजून चिडलीस का?" तेपण कुजबुजून! मी उत्तर देत न्हाई. तिथं पोचल्यावर, सामान ठेवल्याबरोबर, समुद्र बघायच्या आधी, मी त्याच्याशी भांडणार आहे. सगळं, पहिल्यापासून. मोठ्यानं. अन् त्यानं पण मोठ्यानंच भांडायचं.