रक्त पातळ करायची गोळी

माझे मिस्टर महाळुंग्याला एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर होते. लातूरकडचा माणूस, अंगापिंडानं थोराड. भोसरीत आमच्या चाळीत कुणाचं कपाट हलवायचं असलं की यांनाच हाक यायची आणि यांनाही ते आवडायचं.

एका सकाळी कंपनीच्या बसमध्ये त्यांच्या छातीत कळ आली. सोबतच्यांनी बस थेट दवाखान्यात नेली, म्हणून वाचले. हृदयाच्या नसेत स्टेंट बसवली.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर राउंडला आले, तेव्हा मी खाली औषधं घेत होते. वर आले तर हे शर्ट घालून तयार.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"सगळं सांगितलं. तंबाखू बंद, जड उचलायचं नाही. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या आहेत, त्या चुकवायच्या नाहीत."

"मग तुम्ही काही विचारलं?"

"त्यांनीच विचारलं, समजलं ना? मी म्हणालो, हो साहेब."

घरी आल्यावर त्यांना थकवा वाटायचा. जिना चढून आले की पायरीवर बसून राहायचे. एकदा दाढी करताना हनुवटीला कापलं, तर रक्त लवकर थांबेना. टॉवेल दाबून धरत मला म्हणाले, "बघ गं, पाण्यासारखं झालंय." इतका घाबरलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

आमच्याकडे रक्त पातळ झालं म्हणजे माणूस खंगला, असंच लहानपणापासून ऐकलेलं. सासूबाई तर चिडल्याच. "लेकराचं रगत पातळ करायलेत, अन् वर म्हणायलेत बरा होईल!"

शेवटी यांनी त्या दोन गोळ्या थांबवल्या. बीपीची मात्र न चुकता घ्यायचे. मी बीट किसून द्यायचे, सासूबाई खजूर भिजत घालायच्या. थोड्या दिवसांनी त्यांना खरंच तरतरी आली. कंपनीनं हलकं काम दिलं होतं, डबा घेऊन पुन्हा बसला जाऊ लागले. आम्हा तिघांनाही वाटलं, शहाणपणा केला.

एका रविवारी दुपारी हे जेवून उठले आणि हात धुता धुता मोरीपाशीच कोसळले.

त्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडाकडे पाहूनच मला कळलं. तरी त्यांनी विचारलं, "गोळ्या चालू होत्या ना?"

"बीपीची होती. रक्त पातळ करायच्या बंद केल्या. अशक्तपणा यायला लागला म्हणून."

ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. "अहो, त्या ताकदीच्या-अशक्तपणाच्या नव्हत्या. स्टेंटमध्ये रक्ताची गाठ होऊ नये म्हणून होत्या. बंद करायच्या नाहीत असं मी सांगितलं होतं त्यांना."

"सांगितलं होतं तुम्ही," मी म्हणाले. "पण कशासाठी, ते आम्हाला माहीत नव्हतं."

मी त्यांच्याशी भांडले नाही. भांडायला अंगात काही उरलंच नव्हतं.

पुढं सासूबाईंना साखर निघाली. त्यांना घेऊन चाकणला एका डॉक्टरबाईंकडे गेले. बाईंनी गोळी समजावली आणि म्हणाल्या, "आजी, आता तुम्ही मला सांगा. घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार?"

सासूबाई म्हणाल्या, "साखर वाढली की घेईन की."

"मग माझंच सांगणं नीट झालं नाही," बाई म्हणाल्या. "साखर वाढू नये म्हणूनच घ्यायची ही. बरं वाटलं तरी रोज, जेवायच्या आधी." आणि पुन्हा विचारलं, "आता सांगा बरं?"

मला तिथं बसवेना. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले. एवढंच विचारायचं होतं. राउंडला उभ्या उभ्या विचारलं असतं, तरी रक्त पातळ म्हणजे आपल्याला काय वाटतंय, ते यांनी सांगून टाकलं असतं.

सासूबाई भिंतीला धरत बाहेर आल्या, माझ्याजवळ बसल्या. "रोज घ्यायची. जेवायच्या आधी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"त्याला का गं इचारलं नाही कुणी असं?"

मी त्यांचा हात हातात घेतला, आणि आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.